घर पांढरं करताना : रंगकामाच्या नोंदी, नोव्हेंबर-डिसेंबर २०२४

शनिवार, ९ नोव्हेंबर

भाऊबीज होऊन आठवडा झाला, पाहुणेरावळे गेले, आता रंगाचं काम काढायचं. घर पुण्यात, १९८८ ची इमारत, दुसरा मजला, दोन बेडरूम, कार्पेट ६४० चौरस फूट. हॉल उत्तरेला, खिडकीला जवळजवळ टेकलेलं आंब्याचं झाड. आईची खोली पश्चिमेला. स्वयंपाकघर पूर्वेला, कडप्प्याचा ओटा. सगळीकडे मोझॅक फरशी, पिवळट जमिनीत तांबूस आणि काळ्या चिपा. भिंतींना चौदा वर्षांपूर्वीचा गुलाबी डिस्टेंपर.

रंग काढायचं कारण आई. सप्टेंबरात तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्याचं १६ डिसेंबरला आहे. "घर अंधारं वाटतं गं, सगळं पांढरं करून टाक," असं ती दिवाळीत म्हणाली. ऑपरेशननंतर घरात धूळ आणि वास नको, म्हणून १४ डिसेंबरपर्यंत काम आटपायचंच.

पांढरा ठरला म्हणजे रंगाचा प्रश्न मिटला, असं धरून आज फक्त मापं घेतली. दारं-खिडक्या वजा जाता भिंती साधारण १,५०० चौरस फूट, छत ६४०.

रविवार, १० नोव्हेंबर

दुकानात शेडकार्डातलं पांढऱ्याचं पान उघडलं. पानभर चौकोन. एकेकटा पाहिला तर प्रत्येक पांढराच. दोन शेजारी धरले की एक पिवळट होतो, दुसरा निळसर, तिसरा मळकट. मी त्यातल्या त्यात उबदार वाटणारा एक निवडला आणि तिथल्या तिथे मशीनवर ४ लिटर बनवून घेतला. १,६४० रुपये.

ही पहिली चूक, आणि ती पुढे पूर्ण रकमेला पडली. दुकानात डोक्यावर ट्यूबलाइटच्या रांगा होत्या, दिवसाचा उजेड तिथे येतच नव्हता. शिवाय मशीनवर रंग मिसळलेला डबा दुकानदार परत घेत नाही. न मिसळलेला, सीलबंद पांढरा डबा ओळखीवर परत होऊ शकतो, मिसळलेला कधीच नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पेंटर आले. लातूरकडचे, वीस वर्षं पुण्यात काम करतायत. मजुरी ११ रुपये चौरस फूट ठरली, माल माझा. त्यांनी आधी ओलं फडकं भिंतीवर चोळून मला दाखवलं. फडकं गुलाबी झालं. "ताई, हा डिस्टेंपर अंगावर ठेवून वर इमल्शन मारलं तर वर्षात पापुद्रे निघतील. खरवडावाच लागणार." मी खरवडण्याचे दोन दिवस धरलेच नव्हते. आई घरात असल्यामुळे भिंत पाण्याने भिजवून पत्र्याने खरवडायची ठरली. धूळ उडत नाही, पण चिखल होतो. फरशीवर जुन्या गोणपाटांपेक्षा जाड प्लास्टिक बरं, गोणपाटातून गुलाबी पाणी मोझॅकमध्ये झिरपलं आणि ते घासायला अख्खी संध्याकाळ गेली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

हॉल खरवडायला घेतला, तीन भिंती अजून अर्धवट गुलाबी. मला राहवेना, म्हणून आणलेला रंग त्या गुलाबीच्या मधोमध दोन फूट चौकोनात लावून पाहिला. हिरवट दिसला! वाटलं डबाच चुकीचा आला. दुकानात फोन करून वादही घातला.

डबा बरोबर होता. गुलाबीच्या शेजारी कुठलाही फिका रंग हिरवट भासतो, डोळा तसा फसतो. पेंटरांनी माझ्या हातातला कोरा कागद त्याच चौकोनावर धरला, तर कागदही हिरवट झाला. तेव्हा विश्वास बसला. जुन्या रंगीत भिंतीवर पांढऱ्याचा नमुना लावू नये, लावला तर त्यावरून ठरवू नये.

दुपारी सुताराकडून हार्डबोर्डचे दोन बाय दोन फुटांचे चार तुकडे आणले, २४० रुपये. त्यावर लांबीचा (म्हणजे पुट्टीचा) एक हात, प्रायमरचा एक हात, आणि कडेने चार बोटं प्रायमर तसाच ठेवून आत रंगाचे दोन हात. नमुन्याच्या छोट्या डब्या तीन आणल्या. चौथा माझा १,६४० वाला. बोर्डांच्या पाठीवर अक्षरं घातली:

क : काहीही न मिसळलेला, डब्यातून येतो तसा पांढरा.
ख : मी आधी घेतलेला.
ग : किंचित राखाडीकडे झुकणारा.
घ : किंचित तांबूसपणा असलेला.

डब्यावर मशीनची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर कुठला रंगद्रव किती घातला ते छापलेलं असतं. कार्डावरच्या गोड नावांपेक्षा ही चिठ्ठी खरं सांगते. ख मध्ये नुसता पिवळा होता. ग मध्ये काळा आणि थोडा पिवळा. घ मध्ये तांबडा आणि थोडा पिवळा. हे आधी वाचलं असतं तर ख घेतलाच नसता.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज दिवसभर हेच केलं. चारही बोर्ड हॉलच्या भिंतीला, फरशीला टेकवून उभे ठेवले, कारण भिंत फरशीपासूनच सुरू होते आणि फरशीचा रंग तिच्यावर चढतो. सकाळी नऊ, दुपारी एक, साडेचार, रात्री आठ अशा चार वेळा पाहिले.

सकाळी नऊला हॉलमध्ये ऊन नसतंच. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे असतो, उत्तरेच्या खिडकीतून फक्त आकाशाचा थंड उजेड येतो, तोही आंब्याच्या पानांतून गाळून. क निळसर, दवाखान्यासारखा दिसला. ख मध्ये पिवळा असल्यामुळे पानांचा हिरवा त्यात मिसळून सरळ कैरीच्या फोडीचा रंग आला. ग मळकट. घ मात्र पांढरा. त्यातल्या तांबड्याने पानांचा हिरवा खाऊन टाकला, आणि फरशीतल्या तांबूस चिपांशीही तो जुळला. कार्डावर हाच मला नकोसा वाटला होता.

मग तेच बोर्ड साडेचारला आईच्या खोलीत नेले. तिथे उन्हाची तिरीप थेट भिंतीवर येते. घ गुलाबी झाला, ख तर बेसन लावल्यासारखा. ग तिथे स्वच्छ पांढरा. म्हणजे एका घरात दोन पांढरे. आधी पटेना, पण बोर्ड समोर होते.

आई पलंगावर बसून हे बघत होती. तिने डावा डोळा तळव्याने झाकला, मग हात बदलून उजवा झाकला. दोनतीनदा तसं केलं. "या डोळ्याने तुझा हा बोर्ड जुन्या पंचासारखा दिसतो. आणि या डोळ्याने निळीतून काढलेल्या धोतरासारखा." बोर्ड क होता, दोन्ही वेळी तोच. उजव्या डोळ्यातलं भिंग मोतीबिंदूने पिवळं पडलंय, डाव्यात नवं आहे, त्यातून निळा पुरा पोचतो. वर्षानुवर्षं ती घराचा पांढरा एका पिवळ्या काचेतून बघत होती.

आणि तिला तर क च हवा होता. तिच्या माहेरी, वाईला, दिवाळीआधी भिंतींना चुना लावायचे. चुना निवला, गाळला की त्यात सरस घालायचा आणि मग निळीची पुरचुंडी बुडवून हळूहळू फिरवायची. जास्त फिरली की भिंत आकाशी व्हायची, म्हणून ते काम तिचे वडील स्वतः करायचे. ओला असताना चुना भिंतीवर पाण्यासारखा दिसायचा, काहीच लागलं नाही असं वाटायचं, आणि दुपारपर्यंत वाळून पांढराशुभ्र उमलायचा. तिच्या लेखी पांढरा म्हणजे तो. मी तिला म्हटलं, "आई, दुसरा डोळा झाला की तुला सगळंच निळसर दिसेल, मग हा सोसेल का?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या खोलीत नवीन डोळ्याला बरा दिसेल तो लाव. जुना डोळा आता महिन्याचाच आहे."

तिने डाव्या डोळ्याने ग निवडला. माझी निवड आणि तिची एकच निघाली.

रविवार, १७ नोव्हेंबर

रात्रीची परीक्षा लिहायची राहिली होती, तिने सगळं पुन्हा हलवलं. हॉलमध्ये ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची ट्यूब आहे, तिच्याखाली घ सुद्धा कोरडा, राखेसारखा. शेजाऱ्यांकडून ३००० केल्विनचा पिवळा दिवा आणून लावला, तर घ ची साय झाली. मधला ४००० चा आणला, तो जमला. दिवे ठरल्याशिवाय पांढरा ठरवता येत नाही, हे मला आठवडाभर उशिरा कळलं. हॉल आणि आईची खोली मिळून चार नवे दिवे, १,२८० रुपये. ज्यांना दिवे बदलायचे नाहीत त्यांनी बोर्ड रात्री आपल्या आहे त्या दिव्याखालीच बघावेत.

ठरलं. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर आणि माझी खोली : घ. आईची खोली : ग. दोन पांढरे दाराच्या चौकटीपाशी बदलतील. मोकळ्या भिंतीवर शेजारी शेजारी कुठेही येणार नाहीत.

बुधवार, २० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. पेंटर आणि त्यांचा मुलगा कालच गावी गेले, सोमवारी येतील. रविवार सोडून चार दिवस काम बंद. तारीख महिनाभर आधी जाहीर झाली होती, मीच वेळापत्रकात धरली नव्हती.

सोमवार, २५ नोव्हेंबर

आईला काल चिंचवडला दादाकडे पोचवलं, घासायची धूळ आता सुरू होईल.

लांबीचा पहिला हात गेल्या आठवड्यात झाला होता. आज पेंटरांनी खोली बंद करून, हॅलोजन भिंतीला अगदी चिकटवून लावला. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत आडव्या उजेडात शेतासारखी उंचसखल. जुन्या गडद डिस्टेंपरमध्ये हे कधी जाणवलं नव्हतं. पांढऱ्यावर प्रत्येक खळग्याची सावली पडते. जिथे सावली दिसली तिथे पेन्सिलने गोल काढले, हॉलमध्येच सत्तेचाळीस झाले. लांबीचा दुसरा हात फक्त तिथे भरला आणि पॉलिश पेपरने घासलं. लांबीच्या एकूण तीन गोण्या लागल्या, २,५५० रुपये.

याच कारणासाठी चकाकीचा रंग टाळून मॅट घेतला. चकाकी पुसायला सोपी, पण खळगे दाखवते आणि आईच्या डोळ्यांवर दिव्याची तिरीप मारते. स्वयंपाकघरात मात्र थोडी चकाकी ठेवली, फोडणीचे डाग मॅटवरून नीट निघत नाहीत.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

वाईट दिवस. पॅसेजच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या पाठीला, लांबी हाताने ढकलली तर पापडासारखी निघून आली. आत पिठूळ लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला खार. डिस्टेंपर ती ओल इतकी वर्षं थोडी थोडी बाहेर सोडत होता. आम्ही वर सिमेंटची लांबी थापून तिचं तोंड बंद केलं, मग ती फुटून निघणारच. खरवडताना तिथला रंग नुसत्या बोटाने निघत होता, तेव्हाच थांबायला हवं होतं.

प्लंबरने बाहेरच्या पाइपचा जोड उघडला, तिथून थेंब येत होता. १,८०० रुपये. तीन बाय दोन फुटांचा गिलावा फोडून नवा केला, त्याचे १,५००. नवा गिलावा महिनाभर तरी वाळू द्यायला हवा. त्याआधी रंग मारला तर सिमेंटमधला क्षार रंग खातो आणि डाग वर येतात. तेवढा तुकडा तसाच सोडायचा ठरवला. १४ तारखेच्या घाईपायी त्यावर रंग ओढला नाही, हा निर्णय मला योग्य वाटतो.

रविवार, १ डिसेंबर

प्रायमर झाला, २० लिटर, ३,००० रुपये. प्रायमर मारल्यावर घर असं काही लख्ख झालं की वाटलं, हाच ठेवावा. मोह आवरला. प्रायमर धुता येत नाही आणि लवकर मळतो. पण याचा परिणाम पुढे दोन दिवस टिकतो. प्रायमरच्या कोऱ्या पांढऱ्यावर आपला निवडलेला पांढरा पहिल्या हाताला मळका वाटतो.

छत आज. छताला क वापरला, साधा, स्वस्तातला, १० लिटर. छतावर उजेड खालून उसना येतो, त्यामुळे भिंतीचाच रंग वर मारला तर तो एक पायरी काळा दिसतो. माझ्या खोलीत तसं करून पाहिलं होतं, छत खाली उतरल्यासारखं वाटलं. पुन्हा क मारला.

बुधवार, ४ डिसेंबर

फेंगल वादळाचे ढग पुण्यावर. लांबून आलेलं सावट, पण रंग वाळेना. डब्यावर दोन हातांमध्ये चार तास लिहिलेत, आम्ही रात्रभर थांबलो. पेंटर संध्याकाळी दुसरा हात मारायला तयार होते, मी नको म्हटलं.

हॉलचा पहिला हात पाहून धीर सुटला. ओला असताना छान, वाळल्यावर गुलाबीची झाक उठून आलेली. पेंटरांना विचारलं, बदलू या का? ते म्हणाले, "ताई, दुसरा हात होईस्तोवर भिंतीकडं बघू नका." मी बोर्ड आणून भिंतीवर धरला. बोर्ड आणि भिंत सारखीच नव्हती, भिंतीत पाणी जास्त होतं आणि खालचा प्रायमर दिसत होता. पाणी किती घालतायत ते तेव्हा पाहिलं, अंदाजाने मगाने चाललं होतं. त्यानंतर डब्यावर लिहिलेल्या मापानेच, बादलीवर खूण करून घातलं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

हॉलला तिसरा हात लागला आणि घ चे १० लिटर शेवटच्या भिंतीवर संपले. त्याच दुकानातून, त्याच नंबरचा ४ लिटरचा डबा आणला. भिंतीच्या मधूनच नवा डबा सुरू केला. वाळल्यावर खिडकीशेजारी उभी रेघ! एका बाजूचा पांढरा आणि दुसऱ्या बाजूचा पांढरा वेगळा. नंबर तोच असला तरी दोन वेळच्या मिसळणीत केसभर फरक राहतो, आणि पांढऱ्यात तेवढा पुरतो.

ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नव्या डब्याने पुन्हा केली. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड वेगळा पडतो, त्यामुळे तिथला फरक कुणाला कळत नाही. खरं तर सगळे डबे एकदम आणून मोठ्या पिंपात एकत्र ढवळून मगच सुरुवात करायची असते. अर्धा दिवस गेला.

मंगळवार, १० डिसेंबर

दारं-चौकटी. माझ्या मनात त्याही पांढऱ्या होत्या. दोन गोष्टींनी विचार बदलला.

एक, आईचं कपाट सरकवलं तेव्हा त्यामागे मागच्या खेपेला पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवलेली चौकट सापडली. उजेडातला भाग फिका, कपाटाने झाकलेला भाग हळदीसारखा पिवळा. तेलाचा पांढरा अंधारात पिवळा पडतो. पाण्यातला इनॅमल मिळतो, तो पडत नाही, महाग असतो.

दुसरी जास्त महत्त्वाची. रविवारी आई घर बघायला आली होती, संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला. आपल्या खोलीत शिरताना तिने दोन्ही हात पुढे केले. पांढरी भिंत, प्रायमर मारलेली पांढरी चौकट, पांढरा बटणांचा बोर्ड. तिला कड कुठे आहे ते दिसेना. बटण शोधायला ती भिंत चाचपत होती. पांढरं घर मी तिला दिसावं म्हणून करत होते, आणि तेच तिच्यापासून दार लपवत होतं.

चौकटी आज गडद शिसवी तपकिरी केल्या, पाण्यातल्या इनॅमलने. बटणांच्या बोर्डाभोवती त्याच रंगाची दोन बोटं रुंद पट्टी. संडास-बाथरूमच्या दारालाही तेच. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी सगळं पांढरं करण्याआधी संध्याकाळी दिवे न लावता एकदा घरातून चालून बघावं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सामान लावताना तीन ठिकाणी भिंत खरचटली. छोट्या ब्रशने डाग भरले, ते समोरून दिसत नाहीत, बाजूने चकाकतात. रोलरने मारलेल्या भिंतीवर छोटा रोलरच फिरवायचा. पुन्हा केलं, बरं झालं.

हिशेब : मजुरी २३,५४०. लांबी, प्रायमर, रंग, इनॅमल मिळून १८,९०० च्या आसपास. बोर्ड, नमुने, दिवे २,०००. प्लंबर-गिलावा ३,३००. यातले ख चे १,६४० वाया गेले म्हणायचे, पण तो माळ्याच्या आत आणि कपाटांच्या पाठींना मारून टाकला. पाच दिवस माझ्या चुकांत गेले, चार मतदानात.

उरलेला घ आणि ग काचेच्या बरण्यांत भरून, झाकण घट्ट लावून, वर तारीख आणि खोलीचं नाव लिहून ठेवलंय. मशीनच्या चिठ्ठ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या.

रविवार, २९ डिसेंबर

आईचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. आज तिने काळा चष्मा काढून पहिल्यांदा घर नीट पाहिलं. सकाळी हॉलमध्ये खुर्ची खिडकीसमोर ओढून घेतली, पानांकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मी विचारलं, निळसर वाटतं का? "नाही. पांढरं आहे. आमच्या वाईच्या भिंतीइतकं नाही, पण पांढरं आहे." मग तिने स्वयंपाकघरातून माझी दुधाची पातेली मागवली आणि भिंतीशेजारी धरून पाहिली.

पॅसेजचा तुकडा अजून उघडा आहे. हात लावला तर थंड लागतो, म्हणजे आत ओल आहे. तिला तो डोळ्याला खुपतोय, संक्रांतीपर्यंत होईल का विचारते. मेणकापडाचा तुकडा चारही बाजूंनी टेप मारून रात्रभर त्यावर चिकटवलाय, सकाळी आतून दमट निघाला तर संक्रांतीनंतर.